दाखल्यावर पत्ता तिचाच

बाबांच्या मृत्यूचा दाखला आणायला मीच जातेय. मागून येऊ नकोस, स्कूटरची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

तुझा अर्ज कारकुनानं परत का पाठवला, ते कळलं मला. बाबा आपल्या घरी वारले, असं तू लिहून दिलंस आणि डॉक्टरांच्या कागदावर पत्ता तिचा. चारचौघांत मान खाली जायला नको म्हणून हे खोटं ना? ज्या घरात माणूस गेलं, तिथल्यांची सही लागते म्हणे. म्हणून तिलाही बरोबर नेतेय.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तिनं काढलं. तू एकदा फळं घेऊन गेलास आणि दारातूनच परत आलास. वर अंत्यविधीला तिला फाटकाबाहेर उभं केलंस. लग्नाची बायको मी. मला चालतंय, तर तुझं काय अडलंय?

कुकर भरून ठेवलाय, बारा वाजता गॅस पेटव. ती आपल्याकडेच जेवेल आणि बाबांच्या खुर्चीवर बसेल. बघवणार नसेल तर तू आधी जेवून घे.

बेल वाजली की दार मात्र तूच उघडायचंस.

आई