घर दोघांचे, तपेले तुळसेच्या हातचे

॥ श्री ॥

मी सखुबाई कोम कैलासवासी बाळू भोईर, वय सुमारे साठ, धंदा मिठाचा, राहणार मौजे कोपरी, जिल्हा ठाणे, आपल्या राजीखुशीने हे लिहवून ठेवते. माझा दमा वाढला आहे, पण अक्कल जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी मिठाचा सौदा करून पाहावा. हे लिहिण्यास मला कोणी भरीस घातलेले नाही. लिहू नको म्हणून मात्र पुष्कळांनी सांगितले.

लिहिणारे भाऊ, ठाण्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितात. त्यांना मी बजावले आहे की बायकोला ‘कोम’ म्हणणारी कचेरीची शुद्ध भाषा तुमची असू द्या, पण मजकूर माझा राहील.

कलम पहिले. कोपरीतील कौलारू घर, पुढची ओटी, मागची पडवी आणि परसातली चिंच ही सर्व माझ्या स्वतःच्या कमाईची आहेत. नवरा वारला तेव्हा इथे गवताने शाकारलेली झोपडी होती. पुढचे सगळे मी होडीतून कल्याणच्या बाजारी मीठ नेऊन उभे केले. खाडीकडच्या मिठागरातला माझा हिस्साही तसाच घेतलेला आहे. त्यामुळे माझ्या दिराचा मुलगा काळुराम, जो हल्ली ‘काकी, खोकला कसा हाय’ म्हणून विचारायला येतो आणि बोलता बोलता छपराकडे बघत राहतो, त्याचा यात काडीचाही हक्क नाही.

हे घर व हिस्सा माझा मुलगा राघो आणि मुलगी तुळसा या दोघांना समाईक देत आहे. एकाने दुसऱ्याला बाहेर काढू नये. काळुराम म्हणतो, तुळसा जातीबाहेर टाकलेली, तिला वारसा कुठला? ठाण्याच्या वकिलांना मी हे विचारले. जातीबाहेर टाकल्याने माणसाचा वारसा बुडत नाही असा सन १८५० चा सरकारचा कायदा आहे, असे त्यांनी सांगितले. तेव्हा काळुरामने छपराकडे बघणे सोडावे आणि आपले घर शाकारावे.

कलम दुसरे. इथे भाऊंनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, “सखुबाई, मृत्युपत्रात कारणं लिहीत नाहीत. कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहायचं असतं.”

मी म्हणाले, “भाऊ, कारन नाय लिवला तं मंग तेंचीच गोष्ट खरी रव्हल. लिवा.”

म्हणून कारण लिहिते.

तुळसा दिवा गावी दिलेली होती. बाविशीची, लग्न होऊन चार पावसाळे झालेली, सासरी नांदत होती. माहेरपणाला आली असता एके दुपारी भावाची भाकरी घेऊन मिठागरावर निघाली. आमच्या बाजूच्या मिठागरांचा मक्ता तेव्हा तानाजीकडे होता, आजही आहे. बांधाच्या कडेला त्याचे मिठाचे कोठार आहे. त्या कोठारात ओढून नेऊन तानाजीने तिच्यावर बळजबरी केली. लोक म्हणतात तुळसेची अब्रू गेली. मी विचारते, दुसऱ्याच्या अंगावर हात टाकला त्याने, मग अब्रू हिची का जावी? याचे उत्तर मला आजवर एकाही शहाण्याने दिलेले नाही.

पंच बसले. तुळसेला उभी करून विचारले, त्याच वाटेने का गेलीस? एकटी का गेलीस? ओरडली असशील तर कोणी ऐकले का नाही? तिचे सगळे खरे मानले, हे सांगायला हवे. तानाजीने केले याबद्दल एकाही पंचाला संशय नव्हता. खरे मानले आणि शिक्षा तिला केली. दंड म्हणून मी जातीला जेवण घालायचे, म्हणजे तिला पुन्हा पंक्तीत घेऊ, असे ठरले. माझ्याच अंगणात पाने मांडली, भात माझा, मासळी माझी. तानाजी पहिल्या पानावर बसला आणि दोनदा भात मागून घेतला. पोरगी आत माजघरात कोंडून बसली होती. जेवण झाल्यावर हात धुताना पंच म्हणाले, पंक्तीचे पुढल्या वर्षी पाहू. ते पुढले वर्ष अजून उजाडायचे आहे. दिव्याच्या जावयाने तोवर दुसरी बायको केली, तिच्या लग्नाला हेच पंच गेले होते.

आता राघोचे. राघो तुळसेहून मोठा, अंगापिंडाने दांडगा, मिठाची भरलेली टोपली एका हाताने उचलणारा. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे सगळ्यांनी मला तेच ऐकवले. बहिणीचा जाब त्याने तानाजीला भर मिठागरावर, माणसांसमोर विचारला. काही दिवसांनी तानाजीने आपले दोन गडी घेऊन त्याला त्याच कोठारात कोंडले. त्यांनी त्याला धरून ठेवले आणि तानाजीने बहिणीवर केली तीच बळजबरी भावावर केली. पोर घरी आला तो पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला. जेवला नाही. बऱ्याच दिवसांनी मला म्हणाला, “आय, मना पन तसाच केला.”

मी पंचांकडे गेले. तुळसेच्या वेळी त्यांच्या तोंडावर राग तरी होता. या वेळी ते हसले. थोरला पंच म्हणाला, “सखू, बाप्या मानसाचा काय जातो गो? उगीच पोराचा हसा करतंस.”

मी म्हणाले, “याचा दंड काय तो तानाजीला लावा.”

“असला दंड आपल्या बापजाद्यांनी बांधलेलाच नाय.”

“मंग आता बांधा.”

“बांधला नाय म्हंजे तसा होत नाय. घरा जा.”

अशी ही न्यायाची रीत. गुन्ह्याला दंड ठरलेला नसेल तर तो गुन्हा घडलाच नाही, आणि दंड ठरलेला असेल तर तो ज्याच्यावर गुन्हा घडला त्याने भरायचा. मला लिहिता-वाचता येत नाही, पण एवढे कळते की या दोन्ही वाटांनी तानाजी सुटतो.

मी ठाण्याला वकिलांकडेही गेले. ते गृहस्थ चांगले, मला पाणी दिले, बसायला चटई दिली. म्हणाले, बाईवर बळजबरी झाली तर तिचे कलम आहे, पण साक्षीदार नाही आणि दिवस फार लोटले. पुरुषाचे म्हणाल तर कायद्याच्या पुस्तकात जे कलम आहे ते अशा कृत्याचेच आहे, बळजबरीचे वेगळे नाही. उद्या तानाजी म्हणाला की राघोची राजी होती, तर तुमच्या मुलालाच त्याच्या शेजारी पिंजऱ्यात उभे करतील. मी पाणी न पिता उठले. वकिलांचा दोष नव्हता, तरी मला त्यांचाही राग आला.

गावातली टवाळ मंडळी राघोला येता-जाता ‘वहिनी’ म्हणून हाक मारू लागली. ठरलेली सोयरीक मोडली. त्याला पंक्तीबाहेर कोणी टाकले नाही, उलट मुद्दाम बोलावून मधोमध बसवायचे आणि एकमेकांना कोपर मारायचे. मुलीला विचारले, तू का गेलीस? मुलाला विचारले, तू त्याला का मारले नाहीस? तानाजीला कोणी काहीच विचारले नाही.

काही बायका माझे सांत्वन करायला आल्या. एक म्हणाली, पोरीचा जन्म गेला, पोराचे काय, तो विसरेल. दुसरी म्हणाली, पोरीवर असे येतेच, पण बाप्यावर येणे फार वाईट. मी दोघींना घालवून दिले. जन्मभर मी मीठ मापले आहे, पण माझ्या दोन मुलांपैकी कोणाचे जास्त दुखले हे मापायचे माप माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते आपल्या लेकरांवर वापरून पाहावे.

राघो गाव सोडून कल्याणला रेल्वेच्या कामावर गेला. तिथेच एका खोलीत राहतो. मी मीठ घेऊन बाजाराला जाते तेव्हा भेटतो, माझ्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतो, तुळसेसाठी काहीबाही देतो. घरी चल म्हटले की एकच बोलतो, “आय, ह्या झाला असा गावातला एक जरी मानूस बोलला, तं मी त्याच दिशी घरा येन.” एवढेच त्याचे मागणे आहे. तानाजीला फाशी द्या असेही तो म्हणत नाही. मी सगळी घरे फिरले. ज्यांना ठाऊक आहे तेही डोळे चुकवतात. तो आला नाही तर माझ्यामागे तुळसा एकटी पडेल, आणि काळुराम तिला एका पावसाळ्यातही घरात टिकू देणार नाही, याची मला रात्रंदिवस धास्ती आहे.

कलम तिसरे. माझे तांब्याचे मोठे तपेले. कोपरीत एवढे दुसरे तपेले नाही. गावातल्या प्रत्येक लग्नाचा भात यातच शिजतो. तुळसेच्या हातचे पाणी ज्यांना चालत नाही, त्यांच्या लग्नाआधी हे तपेले राखेने आणि चिंचेने घासून लख्ख करते ती तुळसाच. तांब्याला विटाळ नसतो म्हणे. घासणाऱ्या हाताला असतो! हे मी पुष्कळ वर्षे दात-ओठ खाऊन पाहिले. आता हे तपेले एकट्या तुळसेचे. ज्याला लग्नाला हवे असेल त्याने स्वतः येऊन तिच्याकडे मागावे, तिच्या हातून उचलून न्यावे, आणि त्या लग्नात तिला बायकांच्या पंक्तीत बसवून वाढावे. हे जमत नसेल त्याने आपल्या घरच्या टोपांत मूठमूठ भात शिजवून वऱ्हाड जेवू घालावे. तुळसेने भिडेखातर नुसतेच देऊ नये. तिचा स्वभाव मऊ आहे म्हणून हे लिहून ठेवते.

कलम चौथे. मला अग्नी राघोने द्यावा. गावाने खांदा दिला नाही तर बैलगाडीतून न्यावे, मी तक्रार करणार नाही. माझ्या तेराव्याला जातीला जेवण घालू नये. तुळसेच्या दंडाचे जेवण जेवलात, तेच माझे तेरावे समजा. त्या दिवशी राघो आणि तुळसा यांनी घरात एकत्र बसून पोटभर जेवावे.

कलम पाचवे. तानाजीस मी काही ठेवत नाही. त्याचे नाव मात्र या दस्तात लिहिलेले राहील, आणि दस्त नोंदणीच्या कचेरीत नोंदवावा. भाऊ म्हणाले, “सखुबाई, तो अब्रूनुकसानीची फिर्याद करील.” मी म्हणाले, मी मेल्यावर हा दस्त बाहेर येईल, तेव्हा फिर्याद घेऊन त्याला माझ्याकडे वर पाठवा.

कलम सहावे, साक्षीदारांविषयी. साक्ष घालण्यास मी गावातल्या पाच-सहा घरी विचारले. एकाला ताप आला, एकाची म्हैस व्यायली, थोरल्या पंचाने दार उघडले नाही. भाऊ स्वतः एक साक्ष घालतात. दुसरीसाठी कोणी मिळेना, म्हणून आम्ही दोघे ओटीवर बसून होतो. एवढ्यात भर दुपारी रखमाबाई आली. रखमाबाई म्हणजे तानाजीची बायको. मी तिला पाहून उठले, मला वाटले भांडायला आली. ती उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, “काय लिवलाव ता मना वाचून दावा.”

भाऊंनी सगळे वाचले. तिने मान खाली घालून ऐकले. मग म्हणाली, “माजी साक्ष घाला.”

भाऊ म्हणाले, “बाई, विचार करा. घरी परत जायचंय तुम्हाला.”

“राघो कोठारातशी भायेर आला तवा मी बांधाव होते. मना बगून त्यानी तोंड लपवला. त्यो खोटा बोलत नाय. तुलसाचा पन मना ठाव व्हता.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “सखूआय, येवरी वर्सा मी गप रायले. आज घाला माजी साक्ष. आन निसता रखमाबाई नको. कोनाची बायको ता पन लिवा.”

मला तिचा राग आला आणि रडूही आले. एवढी वर्षे का गप्प होतीस, असे तोंडावर आले होते. पण तिच्या कपाळावरचा जुना वण पाहिला आणि विचारले नाही. विचारणारे गावात पुष्कळ आहेत.

कलम सातवे, आत्ता वाढवलेले. या साक्षीमुळे रखमाबाईला तिच्या घरी थारा उरला नाही तर माझ्या घराची मागची पडवी तिची. ती जिवंत असेतोवर राघो व तुळसा यांनी तिला तिथे राहू द्यावे. आणि भाऊंनी हा दस्त संपताच कल्याणला जावे, राघोला गाठावे, आणि दुसऱ्या साक्षीदाराचे नाव त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. मी मरेपर्यंत थांबू नये.

हे मृत्युपत्र मी ऐकून, समजून, पुरे कबूल करून लिहवून ठेवले.

मुक्काम कोपरी, मिती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, गुरुवार, शके १८११, तारीख २८ नोव्हेंबर सन १८८९.

सखुबाई कोम कैलासवासी बाळू भोईर
निशाणी मिठाच्या फावड्याची. (बायकांनी बांगडीची काढायची असते असे मी सांगितले. त्या ऐकत नाहीत. दस्तूर भाऊ.)

साक्ष
१. भाऊ, अर्जलेखक, ठाणे. सही.
२. रखमाबाई कोम तानाजी मक्तेदार, राहणार कोपरी. वर लिहिलेले माझ्या नवऱ्याविषयीचे सर्व खरे आहे. राघोचेही आणि तुळसेचेही. निशाणी बांगडीची.