गाडीच्या तोंडाला मच्छरदाणी

१२ डिसेंबर, संध्याकाळचे साडेसात. मच्छरदाणी साबणात भिजत घालून लिहायला बसलो आहे.

आज शेवंताबाईंचा कापूस पिकअपमध्ये भरून, त्यांना शेजारी बसवून कोरपन्याहून चंद्रपूरला निघालो. गडचांदूर ओलांडलं आणि तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. बॉनेटमधून पांढरं निघू लागलं. मोठा भाऊ कालच म्हणाला होता, "आता इंजिन खोलाचं काम निघालं, तं गाडी इकून टाकू."

गाडी थांबवली. धूर की वाफ? जळका वास नव्हता, म्हणजे वाफच असावी. रेडिएटर गरम असताना झाकण उघडायचं नाही, म्हणून नुसता उभा राहिलो. शेवंताबाई उतरून समोर गेल्या.

"काऊन रे बाबू, गाडीच्या तोंडाले मच्छरदानी कायले बांधली? तिले डेंगू होते का?"

"रेडिएटरच्या जाळीत कापूस जाऊ नाई म्हणून, बाई."

"मंग हवा कुठून जाईन?"

पाहिलं तर कापूस आणि गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याची धूळ बसून मच्छरदाणीची गोधडी झाली होती. मीच बांधलेली, तीही दुहेरी घडी करून! काळजी घेता घेता गाडी गुदमरवली. मच्छरदाणी लगेच सोडली. इंजिन निवल्यावर पाणी भरलं. मग चंद्रपूरपर्यंत आणि परत येईपर्यंत काटा मध्येच. सारखा पाहत होतो. मध्येच.

घरी भावाला सगळं सांगितलं. विकायची गोष्ट काढेल असं वाटलं. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "उद्या किती वाजता काढतं गाडी?"