मधला ए

३ मार्च
खांदा भरून आलाय. यंदाची ही तिसरी नोकरी — आधी भाजीचा ट्रक, मग लाँड्री, आता थडग्यांचे दगड कोरायचे! उस्ताद म्हणतात, ‘हात स्थिर आहे तुझा, बये. डोकं तेवढं जागेवर ठेव.’

५ मार्च
आज एक बाई स्वतःचाच दगड सांगायला आल्या. चाळीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल. लग्न केलं नाही, मागे कोणी नाही. डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिलीय — सांगितलं असं, जणू पुस्तक परत करायची तारीख! मजकूर थरथरत्या हाताने लिहून आणलेला. लॅटिन. लिब्री मेई सुपेरसुन्त — ‘माझी पुस्तकं मागे उरली आहेत.’
मी विचारलं, पुस्तकाला काय म्हणतात? ‘लिबेर.’
मग काय, छिन्नी खाली ठेवायला मला निमित्तच हवं असतं! बाई म्हणाल्या, ओस म्हणजे तोंड आणि ओस म्हणजे हाडसुद्धा. मी विचारलं, मग ओळखायचं कसं?
‘कोणाचं, असं विचारायचं. षष्ठी लावली की तोंडाचं ओरिस होतं, हाडाचं ओसिस. आपल्याकडे नाही का, तो माळ आणि ती माळ? माळाचं गवत, माळेचा मणी. सारखे दिसणारे शब्द विभक्तीत पकडले जातात, मुली.’
उस्ताद आतून ओरडले, ‘शाळा सुटली की दगडाकडे बघा!’

१० मार्च
दुसऱ्याच एका दगडावर दिवसभरात जेमतेम एक शब्द. दातांत धूळ.

११ मार्च
बाईंच्या कागदावर पहिल्याच शब्दातला मधला ए राहिलाय! लिबेर, तर अनेकवचन लिबेरी. हात कापतो बिचाऱ्यांचा. दगडावर कोरताना मीच घातला. कुणाला सांगितलं नाही.

१४ मार्च
मेले! मिरवायच्या हौसेने वाचनालयात शब्दकोश उघडला. लिबेर ऱ्हस्व — पुस्तक. मुळात झाडाची आतली साल, तिच्यावर लिहीत. रूप चालवलं की ए गळतो — लिब्री. बाईंचं बरोबरच होतं!
दुसरा लीबेर, दीर्घ. मोकळा, कुणाचा गुलाम नसलेला. ह्याचा ए टिकतो. आणि लीबेरी म्हणजे — मुलंबाळं. दगडावर ऱ्हस्व-दीर्घ कोण दाखवतं?
‘माझी मुलं मागे उरली आहेत.’ बिनलग्नाच्या बाईच्या उशाशी!

१५ मार्च
उस्तादांना सांगितलं. छिन्नी आपटली त्यांनी. ‘शहाणपणा सांगितला होता कुणी? नवा दगड यायला दोन महिने. आहेत का त्यांच्याकडे?’ बाई उद्या बघायला येणार. ‘तूच सांग त्यांना. मग सामान उचल.’
सामान भरलंय. सकाळी सातची बस आहे. अंगाशी आलं की गाव बदलायचं, हे माझं नेहमीचं. पण इतकी दमलेय, की पळायचाही कंटाळा आलाय.

१६ मार्च
बस सोडली.
मी तोंड उघडायच्या आत बाईंनी वाचलं होतं. कितीतरी वेळ बोट मधल्या ए वर. मग अगदी हळू — ‘हे तुला कोणी सांगितलं?’
कोणी नाही, बाई. चूक झाली माझी. ए खोडता येत नाही, आणि अनेकवचन —
‘राहू दे,’ म्हणाल्या. ‘एकच मूल असलं, तरी लीबेरीच म्हणतात.’