पॅटच्या गावचा चकवा

९ ऑक्टो. २००४, कॅरी, अमेरिका
बाबा आज पुन्हा हरवले. आमच्याच कॉलनीत! शेजारच्या पॅटनं हाताला धरून आणून सोडलं. जन्मभर भूमापन खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि लेकीचं घर सापडेना. म्हणे, "सगळी घरं सारखीच गं." मागच्या आठवड्यातही हेच. मिलिंद नुसता हसला. नवरा आहे की कोण!

१२ ऑक्टो.
डॉक्टरची गुरुवारची वेळ मिळाली. बाबा यायला तयार नाहीत. कारण पॅट. त्याच्या आयर्लंडमधल्या गावाबाहेर म्हणे एक कुरण आहे, मधोमध एकच काटेरी झाड. तिथल्या ठरावीक गवतावर पाय पडला की समोरचं फाटक दिसेनासं होतं, माणूस तासन्‌तास गोल फिरतो. उपाय? अंगातला कोट काढून उलटा घालायचा. बाबा खूश. "अगं, हा तर आपला चकवा! मला तोच लागतोय." दोघे म्हातारे एकमेकांना टाळ्या देत होते. माझं डोकं फिरलं.

१३ ऑक्टो.
मिलिंदनं अपॉइंटमेंट कॅन्सल केली. मला न विचारता! "चकवाच असेल यार, उगाच कशाला टेस्ट्स?" म्हणे इंजिनिअर. चकवा असला की सुट्टी काढावी लागत नाही, एवढंच कळतं याला. कडकडून भांडले. मग तशीच पॅटकडे गेले, त्यालाही सुनावलं, तुमच्या भुतांपायी माझे बाबा डॉक्टरकडे जात नाहीत.
तो म्हणाला, "माय मेरी गॉट लॉस्ट टू. इन अवर ओन किचन." तेव्हा तो बायकोला त्या कुरणाची गोष्ट सांगायचा. तिची भीती जायची.
म्हणजे याला सगळं कळलेलं आहे. पहिल्या दिवसापासून! इतका संताप आला की त्याचं दार आपटून निघून आले.

१७ ऑक्टो.
नवी वेळ मंगळवारची. मीच नेणार, बघते कोण कॅन्सल करतं.
आज बाबा एकटे फिरून आले. वेळेवर, कुणी न आणता. "बघ, आलो की नाही!"
अंगातला स्वेटर उलटा. शिवणी बाहेर, मानेवर लेबल लोंबतंय.
वाटेत उलटवला, की सकाळी घालतानाच उलटा घातला होता? विचारायला जीभ रेटली नाही. सकाळी दार मीच उघडून दिलं होतं. पण मिलिंदवरच्या रागात होते, बाबांकडे बघितलंच नाही.