देवीने पूजाला काय सांगावं

मंगळवार, दिवेलागण. सेनगाव

पुतणीने, पूजाने, दिलेली कादंबरी दुपारी संपली. त्यातली मुलगी अर्धी देवी, अर्धी माणूस. साध्या मुलावर प्रेम केलं तर तिचं देवपण जाणार असतं. ती ते सोडून देते. वाचताना सोपं वाटलं.

हे गेल्यापासून दर मंगळवारी माझ्या अंगात देवी येते. पहिलं वर्षभर खरंच काहीतरी यायचं. आता येत नाही, मी नुसती घुमते. हे फक्त पूजाला सांगितलंय. एरवी माझं कपाळ मोकळं, पण मंगळवारी जाऊबाई स्वतः मळवट भरतात. त्या मळवटावरच या घरात माझा मान आहे.

आज मोठ्या दिरांनी पूजालाच, स्वतःच्या मुलीला, समोर बसवलं. "आई, ही त्या पोराचं नाव सोडून न्हाई राहिली. तूच सांग हिला, हे लगीन व्हनार न्हाई म्हून."

पूजा माझ्याकडे एकटक बघत होती. काय बोलायचं होतं मी? लग्नाला होकार दिला असता तर घरच्यांना संशय येऊन ढोंग उघडं पडलं असतं. नकार दिला असता तर पोरीचा जन्म गेला असता. घामाने मळवट डोळ्यांत उतरला. शेवटी म्हणाले, "पुढच्या मंगळवारी सांगीन."

उठताना पूजा पाया पडली. एरवी मला काकू म्हणते. आज सगळ्यांसारखं म्हणाली, "येते, आई."