शिरपामाळच्या शर्यतीचा करंडक

जव्हार, चैत्र वद्य, सन १९५१

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचा मधु याचं साष्टांग दंडवत. मी इकडे खुशाल आहे. तिकडे नाशकात आपला गुडघा, मामींचा खोकला आणि काचेच्या कपाटातले सगळे करंडक ठणठणीत असावेत अशी देवापाशी प्रार्थना करतो. (गोदाही बरी असेलच. तिचं नाव शेवटी आणि कंसात घेतलं आहे, कारण आपल्या मागच्या पत्रात तशी ताकीद होती.)

त्याच पत्रातली दुसरी ताकीदही मला तोंडपाठ आहे. ‘आधी शिरपामाळच्या शर्यतीचा करंडक घेऊन ये, मग बाकीचं बोलू.’ बाकीचं म्हणजे काय ते आपण जाणता, मी जाणतो आणि मामी तर केव्हापासून जाणतात. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो असं आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पण हक्काच्या भाच्यालाही परीक्षेला बसवणारा मामा आपल्याखेरीज मी पाहिला नाही. शिक्षणखात्यात हयात घालवल्याचा हा परिणाम असावा. तर त्या परीक्षेचा निकाल कळवण्यासाठी हे पत्र. निकाल पास की नापास हे मला अजून समजलेलं नाही, म्हणून सगळी हकिगत लिहितो. पेपर तपासायचं काम आपलं.

प्रथम एक कबूल केलं पाहिजे. आपल्या छंदाची थोरवी मला लिलावात उभं राहिल्यावर कळली. लोक स्वतः जिंकलेले करंडक मांडतात, त्यात काय विशेष? आपण दुसऱ्यांनी जिंकलेले करंडक इतक्या मायेने सांभाळता. कुठल्याशा गोऱ्या साहेबाने टेनिसमध्ये मिळवलेला पेला, कुणाची तरी मोडकी हॉकीस्टिक, घोड्यांच्या शर्यतीचं ते दोन कानांचं भांडं (ज्यात मामी जिरं ठेवतात आणि आपण दर रविवारी ते जिरं काढून ठेवता), या सगळ्यांना आपल्या घरी आसरा मिळाला. ज्यांनी घाम गाळला ते कुठच्या कुठे गेले, आणि त्यांच्या नावावरची धूळ पुसतोय आमचा मामा. याला मोठं मन लागतं. हे मी मस्करीत लिहीत नाही.

तर लिलाव. संस्थान विलीन झालं, आणि संस्थानी नोकरांचा आपला जुना क्लबही त्याबरोबर गेला. सभासदांपैकी कुणी ठाण्याला बदलून गेले, कुणी पेन्शनीत गेले. मी शाळेतला सगळ्यात धाकटा मास्तर, म्हणून क्लबाच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्या गळ्यात पडल्या. शेवटी उरल्यासुरल्या कमिटीने ठरवलं की सामान विकून टाकावं, आणि ठाण्याहून एक लिलाववाला बोलावला. माणूस पोटाने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा. क्लबाच्या ओसरीवर त्याने सगळं मांडलं. जाळी फाटलेल्या रॅकेटी, पॉलिश उडालेले क्रिकेटचे स्टंप, एका डोळ्याचं वाघाचं मुंडकं (दुसरा काचेचा डोळा गोट्या खेळण्यात गेला, असं म्हणतात), आणि या सर्वांच्या मधोमध, काळा पडलेला, कान वाकडा झालेला, आपला करंडक.

आपला म्हणतो खरा. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ती गोष्ट ऐकत मी लहानाचा मोठा झालो. दसऱ्याची शर्यत, जव्हारच्या बाजारातून शिरपामाळपर्यंत, अर्ध्या चड्डीतले क्लबाचे सगळे सभासद, आणि सर्वांच्या पुढे आपण. करंडक मात्र आपल्याला मिळाला नाही, कारण कमिटीचं एकमत होईना. एवढी चांगली धाव घेतलेल्या माणसावर कमिटीचं एकमत का होऊ नये, हा प्रश्न मला लहानपणीच पडला होता, पण चकली तोंडात असताना प्रश्न विचारता येत नाही.

लिलावाला गर्दी बरीच जमली. सामान घ्यायला चार जण आणि बघायला अख्खा बाजार. रॅकेटी गेल्या, स्टंप गेले, वाघाचं मुंडकं एका हॉटेलवाल्याने नेलं. मग करंडक आला. मी आपल्या आज्ञेप्रमाणे पहिली बोली केली. समोरून कुणीच काही बोलेना. माझ्या मनात मुंडावळ्या बांधून झाल्या. तेवढ्यात मागून एक बाप्या पुढे आला. डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, एक पाय जरासा ओढत चालणारा. बरोबर त्याची बायको आणि दोरीला बांधलेला एक बोकड. हा जामसरचा लक्ष्या, आणि बायको जिवली. लक्ष्याने करंडकाला हात जोडले आणि मोठ्याने बोली केली. देवीच्या नावानं हा बोकड, टेंभ्यांना तेल, आणि वर गावाने जमवलेली रोकड.

लिलाववाल्याने आजवर बोकडाची बोली ऐकली नव्हती. पण धंद्याचा माणूस, त्याने बोकडाच्या पाठीवर हात फिरवून बाजारभावाने हिशेब केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बोली वाढवली. आणि मामा, एकेक जण वळून माझ्याकडे पाहू लागला. आपल्या शाळेचा शिपाई वाळू, जो मला रोज नमस्कार करतो, तोसुद्धा मी प्रसादाच्या ताटात पाय घातल्यासारखा बघत होता. जिवली हळूच म्हणाली, “मास्तर, देवीचा नाव घेतलाय ना?” बस, एवढंच. वाढवलेली बोली मी मागे घेतली, आणि करंडक बोकडापायी गेला. (बोकड लिलाववाल्याबरोबर सर्व्हिस मोटारीने ठाण्याला गेला. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं, त्यावरून स्टँडवर जी जुंपली ती वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

घरी आल्यावर वाळूने मला शहाणं केलं. आपण इकडे होता तेव्हा बोहाडा पाहिलाच असेल, पण नाशकाला गेल्यावर माणूस विसरतो, म्हणून आठवण देतो. देवीच्या उत्सवात मुखवट्यांची सोंगं नाचतात, आणि कुठलं सोंग कुणी नाचवायचं यासाठी गावात बोली होते. देवीच्या नावाने एकाने मोठी बोली केली की दुसरा वर चढत नाही, तो मान त्याचा. आणि मान म्हणजे काय, तर त्या वर्षी मुखवटा त्याने डोक्यावर घ्यायचा, नाचवायचा आणि झाल्यावर देवळात परत आणून ठेवायचा. मुखवटा गावाचा, नाचणं तेवढं आपलं. जामसरच्या मंडळींना लिलाव म्हटल्यावर हाच एक लिलाव ठाऊक. त्यांनी करंडक विकत घेतला नव्हता, मामा. त्यांनी तो एका वर्षापुरता नाचवायला घेतला होता.

मी लगेच जामसर गाठलं. म्हटलं, नाचवून झाला की आपल्याकडे घेऊ, काय ते देऊ. पण गेलो तर बोहाड्याची शेवटची सकाळ, सगळा गाव देवळापुढे. संबळ वाजतोय, पिपाणी वाजतेय, देवीचं सोंग येऊन गेलेलं. आणि मग लक्ष्या आला. मुखवटा नाही, सोंग नाही, अंगावर धुतलेली बंडी आणि डोक्यावर करंडक. जिवलीने त्यात तांदूळ आणि नारळ घातला होता. पाराजवळून त्याने धाव घेतली ती देवळापर्यंत. दुखऱ्या पायाने, मान ताठ ठेवून, एक तांदूळ न सांडता. बायका ओरडत होत्या, म्हातारे हसत होते, आणि मी, ज्याचं लग्न त्या करंडकात अडकलेलं, तो सगळ्यांच्या वर टाळ्या पिटत होतो. असं धावणं मी जन्मात पाहिलं नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात आली. धावताना तो सारखा मागे वळून बघत होता, आणि मागे तर कुणीच नव्हतं.

नंतर त्याच्या अंगणात बसून मी विचारलं, की या करंडकाशी तुझा संबंध काय. मामा, आता जे लिहितो ते बसून वाचावं, आणि मामी जवळ असल्यास त्यांना पाणी आणायला पाठवावं. आपल्या गोष्टीत आपल्यापुढे कुणी नसायचं. प्रत्यक्षात होतं. क्लबाच्या लोकांना शिरपामाळची रानवाट ठाऊक नव्हती, म्हणून बाजारात मोळी विकायला आलेल्या एका जवान पोराच्या हातात कमिटीने लाल निशाण दिलं आणि सांगितलं, पुढे हो, वाट दाखव. शर्यत आहे हे त्याला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. तो आपला निशाण घेऊन चालू लागला, आणि मागे बघतो तर गावातले सगळे साहेब, मास्तर, कारकून अर्ध्या चड्ड्या घालून त्याच्या अंगावर धावत येताहेत. त्याला वाटलं, आपल्या हातून काहीतरी भलतं झालंय आणि आता हे लोक धरून मारणार. तो जो सुटला तो शिरपामाळला जाऊन झाडावरच चढला. कमिटीचं एकमत का झालं नाही ते आता मला कळलं. पहिला आलेला माणूस शर्यतीत नव्हता, आणि शर्यतीतला पहिला माणूस दुसरा आला होता.

मला वाटलं, लक्ष्या क्लबावर चिडलेला असेल. निदान एक शिवी तरी द्यावी. पण तो आपल्याबद्दलच बोलत राहिला. “समद्यांच्या पुढं एक लांबड्या पायाचा मास्तर व्हता. बाकीचं बसलं, पन तो काय सोडी ना. तो मांगं व्हता म्हून मी धावलू. मांगं कोनी नसता त मी चालतच गेलू असतू.” मग झाडाखाली पोचल्यावर आपण त्याला खाली उतरवलंत, पाठ थोपटलीत आणि आपल्या वाटणीचं लिंबाचं सरबत त्याला दिलंत, असंही त्याने सांगितलं. हे आपण दिवाळीत कधी सांगितलं नाही. पहिलं येण्याची गोष्ट सांगितलीत आणि सरबताची लपवलीत. मामा, आपण उलट करायला हवं होतं. कपाटात ठेवण्यासारखी गोष्ट ती होती.

लक्ष्याचं म्हणणं असं की अर्धा करंडक त्या मास्तरांचा. तो मास्तर म्हणजे माझा सख्खा मामा, हे सांगितल्यावर जिवलीने मला जो चहा दिला त्यात साखर मावत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी लक्ष्या दारात हजर. घोंगडीत गुंडाळलेला करंडक त्याने माझ्या टेबलावर ठेवला. नाचवून झाला, आता ठेवा तुमच्या देवळात. मी सांगितलं, बाबा, क्लब बुडाला, परत घ्यायला कुणी उरलं नाही, तुझा तू घेऊन जा. तो माझ्याकडे असा पाहू लागला जसं मी त्याला देवळातली घंटा घरी न्यायला सांगत होतो. करंडक ठेवून गेलाच. म्हणाला, पुढच्या वर्षी जो बोली करील तो नेईल.

तेव्हा परिस्थिती अशी आहे. करंडक माझ्या टेबलावर, माझ्या ताब्यात, कुणाची हरकत नाही. मी पार्सल बांधलं, आपला पत्ताही लिहिला. मग दोन तास त्याच्याकडे बघत बसलो आणि सोडलं. ज्यांनी बोकड देऊनही तो आपला मानला नाही, त्यांच्या पाठीमागे तो नाशकाच्या कपाटात पाठवायचा, हे माझ्याने होईना. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ते रुचलं नसतं, असा मला आपल्याबद्दल भरवसा आहे. हा भरवसा चुकीचा ठरला तर गोदा गेली. पण खोटा करंडक देऊन मिळवलेली बायको दर दिवाळीला फराळ वाढताना मला आठवण देत राहिली असती.

मामींना नमस्कार. घरातल्या लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना दंडवत, मधल्यांना काय द्यावं ते सुचत नाही.

आपला आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत) भाचा,
मधु

ता. क. जिवलीने करंडक राखेने असा घासला की चांदी होती ती सगळी राखेबरोबर गेली. आत पितळ आहे. मामींना कळवू नये, त्या लगेच जिऱ्यासाठी मागतील.

ता. क. दुसरा. आता मुख्य काम. पुढच्या वर्षीच्या बोहाड्यासाठी मी आपल्या नावाने बोली लावून आलो आहे. आपल्यावर कुणीही चढणार नाही असं सगळ्या गावाने कबूल केलं आहे. फक्त जो घेईल त्यानेच तो डोक्यावर घेऊन पाराजवळून देवळापर्यंत धावायचं असतं, भाचा चालत नाही, मी विचारून पाहिलं. आतापासून गुडघ्याला तेल चोळायला लागावं. धावून झाल्यावर करंडक तिथेच ठेवायचा, पण मग आपली अट पुरी झाली असं धरून बाकीचं तिथेच देवळापुढे बोलून टाकावं. म्हणून गोदेला बरोबर आणावं. (कंस काढला आहे असं समजावं.)

ता. क. तिसरा. पत्र बंद करत होतो तर लक्ष्या बाजाराला आला होता, तो वर डोकावला. मामांना लिहितोय म्हटल्यावर त्याने निरोप दिला, तो जसाच्या तसा लिहितो. “मास्तरला सांग, पुढल्या बोहाड्याला त्यो पुढं. मी मांगं धावतू. पन भ्यायचा नाय.”