वरून सडलेली गाडी

चिरंजीव मेहुणे यांस,

परमेश्वर तुम्हांस उदंड आयुष्य देवो, तुमच्या कारखान्यातील वेल्डिंगच्या ठिणग्या तुमच्या डोळ्यांपासून दूर राहोत. गुडघ्यास उतार पडला असेल, अशी आशा आहे. जिभेस पडावा ही प्रार्थना मी सोडून दिली आहे. तुमच्या भगिनी कुशल आहेत, आणि घडल्या प्रकाराने जरा अधिकच प्रसन्न आहेत.

गेल्या भेटीत निघताना, एक पाय पायरीवर ठेवून, तुम्ही म्हणालात, “भाऊजी, एकदा गाडीच्या खाली वाकून बघा. गंज वरून दिसत नसतो.” तुम्ही निघून गेलात, वाक्य मात्र घरातच राहिले. सूनबाईंनी ते उचलले आणि निकाल दिला की, गाडीचे पोट तपासल्याखेरीज नात त्या गाडीत बसणार नाही. सोमवारपासून ती शाळेच्या बसने जाईल. बसचा अर्ज भरून फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावण्यातही आला. सकाळची ती वीस मिनिटे म्हणजे माझ्या दिवसाचा गाभारा आहे, हे तुम्ही जाणता. नात मागे बसते. मी एक चरण म्हणतो, ती दुसरा म्हणते. सिग्नल लाल मिळाला तर पाठांतरास आणखी एक. स्तोत्राचे अकरा श्लोक असेच मुखोद्गत झाले, उरलेले तेरा आता एका अर्जाच्या दयेवर होते.

तेव्हा मीच तपासणीस सिद्ध झालो. जेथे लोहचुंबक चिकटत नाही तेथे पत्रा नसून गंज झाकणारी पुट्टी असते, असे वाचले होते. म्हणून फ्रिजवरचाच काढून नेला (अर्ज खाली पडला, तो मी उचलला नाही). इमारतीच्या वाहनतळात पोते अंथरले, टॉर्च दातांत धरला आणि उताणा होऊन आत सरकलो. देहाचा मोह धरू नये असे मी पन्नास वर्षे सांगत आलो आहे, पण त्या फटीत देहाचा, विशेषतः उदराचा, विसर पडणे अशक्य होते. बाहेर केवळ माझी दोन पावले दिसत होती. ती पाहून तळमजल्यावरील निवृत्त परिचारिकेने तुमच्या भगिनीस हाक मारली, “अहो वहिनी, तुमचे हे गाडीखाली आलेत!” त्यावर भगिनींनी खिडकीतून शांतपणे सांगितले, “आले नाहीत, गेलेत.” चार माणसांनी पाय धरून मला ओढून काढले. अंगरखा फाटला, मुद्रा मात्र विजयी होती, कारण गाडीचा तळ काळाभोर, गुळगुळीत आणि निष्कलंक होता.

हा निर्वाळा सूनबाईंस पुरेना, म्हणून मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी रॅम्पवर चढवली आणि लहान हातोडीने ठोकू लागला. पुढे टणटण असा सात्त्विक नाद येत होता. चालकाच्या आसनाखाली थप असा आवाज आला. त्याने तेथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आतला गालिचा उचलला तर स्क्रूड्रायव्हरचे टोक ऐटीत वर आलेले! मिस्त्रीने गालिचा पिळला. पाणी गळले.

“काका, खालून सडलेल्या गाड्या रोज बघतो. वरून सडलेली ही पहिलीच. हिच्यात पाणी कोण ओततं?”

पाय धुतल्यावाचून माझ्या गाडीत कोणी पाऊल ठेवू नये, हा माझा एकोणीस वर्षांचा नियम तुम्हांस ठाऊक आहे (तुम्हीही कुरकुरत का होईना धुतलेच आहेत). पावलांचे पाणी गालिच्यात मुरले, आणि गंज लागू नये म्हणून खालून फासलेल्या त्या काळ्या थराने ते बाहेर पडू दिले नाही. तरीही मी स्पष्ट लिहितो: शुचितेने लोखंड सडत असेल तर तो लोखंडाचा दोष होय, शुचितेचा नव्हे. तुम्ही खाली बघा म्हणालात. रोग वर होता. अर्थात तुमचे निदान चुकलेच. गाडी विकणार नाही, भंगारात देणार नाही, आणि नियमही मोडणार नाही. फार तर धुतलेले पाय पुसण्याची मुभा देईन.

वयाने मोठा आणि मताने अढळ,
तुमचा भाऊजी

ता.क. मिस्त्री पंधरा दिवसांनंतरची वेळ देतो. तुम्ही रविवारी सकाळी वेल्डिंगचा संच आणि चांगल्या पत्र्याचे दोन तुकडे घेऊन यावे. ही विनंती नाही. तुमच्या वाक्याचे प्रायश्चित्त आहे. मात्र जोड पक्का हवा. मागे बसणारे माणूस सात वर्षांचे आहे.

ता.क. २. सूनबाईंस हे पत्र दाखवू नये.

ता.क. ३. पाकीट बंद करण्यापूर्वी नातीलाच विचारले की, बाळ, तुला काय आवडेल? ती म्हणाली, “बस. बसमध्ये माझी मैत्रीण असते, आणि कोणी पाठ म्हणायला लावत नाही.” तरीही रविवारी याच. सोमवारी बस आठ वाजता निघेल, आणि तिच्या पाठोपाठ आमची गाडी. बसच्या मागच्या काचेतून नातीचे नुसते ओठ हलताना दिसले, तरी चरण चुकला की नाही ते मला कळते.